लपविलेला ठेवा
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त झालेलें भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे जें जें मोलाचें असेल तें तें पेटींतून बाहेर काढून लोकांच्या दृष्टीस पाडण्याचा दिवस. चांदीचे चषक उजळून वेदीवर ठेविले जातात, जरीचीं वस्त्रें घडी मोडून बाहेर निघतात, ध्वज वाऱ्यावर फडकूं लागतात. हें योग्यच आहे. परंतु आज मला ज्या वस्तूंविषयीं बोलावयाचें आहे, त्या कोणत्याही मिरवणुकींत कधीं मिरविल्या गेल्या नाहींत. कोणाच्या दृष्टीस न पडणें हेंच त्यांचें काम होतें. एक संत्रें, एक आरसा, साबणाची एक वडी, फेरीवाल्याची एक पेटी, जिन्याची एक पायरी, अशा अगदीं साध्या वस्तूंच्या पोटांत आपल्या धर्मबांधवांनीं निरनिराळ्या देशांत व निरनिराळ्या काळीं आपला सर्वांत मोलाचा ठेवा लपविला, आणि म्हणूनच तो टिकला. त्या वस्तूंची हकीकत आज सांगावी, आणि तिच्यापासून आपणांस कांहीं घेतां आलें तर घ्यावें, एवढाच माझा हेतु आहे.

लपविण्याची कला आपल्या घरांस अपरिचित नाहीं. उतरंडीच्या तळच्या मडक्यांतील पुरचुंडी, भाताच्या कणगींत खोल दडविलेली दागिन्यांची डबी, लुगड्याच्या कनवटीस बांधलेले चार पैसे, हें आपल्या आज्यापणज्यांचें नित्याचें होतें. अशा गुप्त जागांना आपल्या भाषेंत चोरकप्पा, चोरखिसा असें म्हणतात. किल्ल्याला तर चोरदरवाजाच असतो. मौज अशी कीं, जी जागा चोरापासून रक्षण व्हावें म्हणून केली, तिलाच भाषेनें चोराचें नांव दिलें! पण विचार केल्यास त्यांत शहाणपण आहे. लपविणाऱ्यास शोधणाऱ्याच्या डोक्यानें विचार करावा लागतो. शोधणारा कुलूप पाहतो, तिजोरी पाहतो. म्हणून लपविणारा अशी वस्तु निवडतो, कीं जिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाहीं.

ह्या कलेचे मला तीन नियम दिसतात. पहिला हा कीं, वस्तु बाहेरून अगदीं साधी दिसली पाहिजे. दुसरा हा कीं, तिनें आपलें रोजचें काम करीत राहिलें पाहिजे. ज्या पायरीवर पाय ठेवतां येत नाहीं किंवा ज्या आरशांत तोंड दिसत नाहीं, ती वस्तु पहिल्याच झडतींत पकडली जावयाची. तिसरा नियम लोक विसरतात, आणि तोच सर्वांत कठीण आहे. ठेवा कोठें आहे हें जाणणारें दुसरें एक तरी माणूस मागें राहिलें पाहिजे. नाहीं तर लपविणारा जातो, आणि ठेवा सुरक्षित राहूनही हरवतो. हे तीन नियम मनांत धरून आपण आतां तीन देशांत जाऊं.

प्रथम इंग्लंडकडे वळूं. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत, सन १५५९ मध्यें, त्या देशांत मिस्सा कायद्यानें बंद झाली. पुढें सन १५८५ च्या कायद्यानें परदेशांत दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूनें इंग्लंडांत पाऊल ठेवणें हा राजद्रोह ठरला, आणि अशा धर्मगुरूस घरांत आसरा देणारास देहांताची शिक्षा ठरली. तेव्हां धर्मगुरु वेष पालटून हिंडूं लागले, आणि भाविकांचीं घरें हींच देवळें झालीं. सरकारी शोधक अवचित येऊन घराला वेढा देत, भिंती ठोकून पोकळ नाद येतो कीं काय हें पाहत, तक्तपोशी उखडीत, खोल्यांचीं मापें घेऊन आंतल्या व बाहेरच्या लांबीचा मेळ बसतो कीं नाहीं हें ताडून पाहत.

ह्या शोधकांशीं बुद्धीचा सामना देणारा मनुष्य कोणी पंडित नव्हता कीं सरदार नव्हता. तो ऑक्सफर्डचा एक सुतार होता. निकोलस ओवेन हें त्याचें नांव. येशूसंघांत तो धर्मबंधु होता. अंगानें ठेंगणा, पायानें अधू. परंतु जवळजवळ अठरा वर्षें तो गांवोगांवच्या घरांत धर्मगुरूंसाठीं लपण्याच्या जागा करीत फिरला. दिवसा तो सर्वांच्या देखत घरांतील साधें सुतारकाम करी, आणि रात्रीं एकटाच भिंत कोरी. त्यानें मजुरी घेतली नाहीं, आणि एका घरची खूण दुसऱ्या घरीं सांगितली नाहीं. वूस्टर परगण्यांतील हार्विंग्टन येथील जुन्या वाड्यांत अशा सात जागा आजही पाहावयास मिळतात. त्यांपैकीं कांहीं ओवेनच्या हातच्या मानल्या जातात. तेथें जिन्याच्या पायऱ्या झांकणाप्रमाणें उचलल्या जातात, आणि खालीं पोकळी आहे. दुसऱ्या एका खोलींत भिंतीला आधार देणारें जें उभें लांकूड दिसतें, तें बगल देऊन फिरतें, आणि मागें एक माणूस मावेल एवढी जागा आहे. पायरी ही पायरीच राहिली, खांब हा खांबच राहिला. आणि त्यांतच धर्मगुरूचा जीव वांचला.

सन १६०६ च्या आरंभीं हिंडलिप येथील वाड्याला वेढा पडला. ओवेन व त्याचा एक सोबती एका पोकळींत कित्येक दिवस राहिले. त्यांच्याजवळ खाण्यास एक सफरचंद तेवढें होतें. अखेर ते बाहेर आले. त्याच घरांत दुसरीकडे दोन धर्मगुरु लपलेले होते, त्यांच्यावरचा संशय आपल्यावर यावा असा ओवेनचा हेतु होता असें त्याच्या बांधवांनीं मानलें आहे. लंडनच्या टॉवर नांवाच्या तुरुंगांत त्याचा छळ करण्यांत आला. शेंकडों माणसांचे प्राण त्याच्या जिभेच्या टोकावर होते. तो त्या छळांतच मेला, पण एकाही घराचें नांव त्यानें उच्चारलें नाहीं. सन १९७० मध्यें पोप सहावे पॉल ह्यांनीं इंग्लंड-वेल्समधील चाळीस रक्तसाक्ष्यांस संत म्हणून जाहीर केलें, त्यांत हा सुतार आहे.

त्याच मालिकेंत यॉर्क शहरच्या एका खाटकाची बायको मार्गारेट क्लिदरो हीही आहे. तिच्या घराची झडती झाली तेव्हां घरांतील एका भेदरलेल्या मुलानें गुप्त खोली दाखविली, आणि तेथें मिस्सेचीं वस्त्रें व पात्रें सांपडलीं. खटला चालला असता तर तिच्या मुलांना आईविरुद्ध साक्ष द्यावी लागली असती, म्हणून तिनें न्यायासनापुढें जबाबच दिला नाहीं. जबाब न देणाराची शिक्षा भयंकर होती. २५ मार्च १५८६ रोजीं तिला जड भाराखालीं चिरडून मारण्यांत आलें. तिसरा नियम मी कठीण म्हणतों तो ह्यासाठीं. दुसऱ्यास सांगावें तर प्राणाचें भय, आणि न सांगावें तर ठेवा कायमचा बुडावयाचा.

त्या काळच्या वस्तूही पाहण्याजोग्या आहेत. चषक असे घडवीत कीं पेला, दांडा व बैठक हीं तिन्ही वेगळीं करून सामानांत विखरून टाकतां येत. वेदीचा पवित्र पाषाण हातांत मावेल एवढा लहान असे. लँकाशायर परगण्यांतील स्टोनीहर्स्ट विद्यालयांत एक फेरीवाल्याची पेटी जतन केलेली आहे. तिच्यांत मिस्सेचीं वस्त्रें, चषक व पाषाण आहेत, आणि बरोबर बाईची एक टोपीही आहे. वाटेवर कोणी हटकलें तर बायकांचे कपडे विकणारा फेरीवाला, आणि घरांत पोंचल्यावर धर्मगुरु! शेजारच्या आयर्लंडांत दहाच मण्यांची माळ करीत; तिच्या एका टोकास कडें असे. तें अंगठ्यांत घालून माळ अस्तनींत सोडीत, आणि एकेक दशक संपलें कीं कडें पुढच्या बोटांत सरकवीत. पांच बोटें झालीं कीं जपमाळ पुरी झाली, आणि पाहणाऱ्यास दिसे ती केवळ एक अंगठी.

सर्वांत साधी युक्ति जॉन जेरार्ड नांवाच्या येशूसंघीय धर्मगुरूची. तो सन १५९७ मध्यें त्याच टॉवरांत कैदेंत होता. त्यानें खाण्यास संत्रीं मागविलीं. सालींचे लहान क्रूस व जपमाळा करून त्या तो मित्रांकडे कागदांत गुंडाळून पाठवी. कागदावर कोळशानें चार निरुपद्रवी ओळी असत. परंतु त्याच कागदावर संत्र्याच्या रसानें लिहिलेला दुसरा मजकूर असे, व तो विस्तवाची आंच लागली म्हणजे उमटे. लिंबाचा रस त्यानें मुद्दाम टाळला. त्याच्या सांगण्याप्रमाणें लिंबाच्या रसाचें लिखाण वाचून पुनः नाहींसें होतें, पण संत्र्याच्या रसाचें एकदां उमटलें म्हणजे जात नाहीं. त्यामुळें वाटेंत कोणी पत्र वाचलें असेल तर तें कळून येई. ह्या पत्रांच्या आधारानें बेत ठरून त्या वर्षीं ऑक्टोबरांत तो दोरावरून खंदक ओलांडून निसटला.

इंग्लंडची आणखी एकच हकीकत सांगतों, कारण ती आपल्या तिसऱ्या नियमाची आहे. सन १५८१ मध्यें लायफर्ड ग्रेंज ह्या घरीं संत एडमंड कॅम्पियन पकडला गेला, व पुढें फांशीं गेला. त्या घराच्या छपरांत काम चाललें असतां सन १९५९ मध्यें एक लहानशी लांकडी पेटी सांपडली. आंत पोपनें आशीर्वादिलेली मेणाची मुद्रा होती. देवाच्या कोंकराचें चित्र असलेली अशी मुद्रा बाळगणें हा सुद्धां त्या काळीं गुन्हा होता. तीनशें अठ्ठ्याहत्तर वर्षें लोक त्या छपराखालीं राहिले, जेवले, निजले. पण डोक्यावर काय आहे हें कोणासही ठाऊक नव्हतें. लपविणाऱ्याचें काम उत्तम झालें होतें. सांगणारा तेवढा राहिला नव्हता.

आतां जपानकडे येऊं. हा देश आपणांस परका नाहीं. सन १५४९ मध्यें तेथें सुवार्ता नेणारे संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचें शरीर गोव्यास आहे. आणि तेथें रक्त सांडणारा संत गोन्सालो गार्सिया तर आपल्या वसईच्या मातीचा. व्यापारानिमित्त तो जपानांत राहिला, तेथील भाषा शिकला, मग मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत धर्मबंधु झाला, आणि दुभाषी म्हणून पुनः जपानांत गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेंकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर भाल्यांनीं मारण्यांत आलें. सन १८६२ मध्यें पोप नववे पायस ह्यांनीं ह्या सव्वीस जणांस संतपदीं चढविलें.

सन १६१४ मध्यें सबंध जपानांत ख्रिस्ती धर्मास बंदी झाली. देशांत उरलेला शेवटचा धर्मगुरु सन १६४४ मध्यें मारला गेला. प्रत्येक कुटुंबानें बौद्ध मठांत नांव नोंदविलें पाहिजे असा नियम झाला. पांच पांच घरांचे गट करून एका घराच्या अपराधाबद्दल पांचही घरांस जबाबदार धरण्यांत येऊं लागलें. प्रभूची किंवा पवित्र मरियेची धातूची प्रतिमा जमिनीवर ठेवून लोकांस तिच्यावर पाय देण्यास लावीत. अशा स्थितींत दोनशें वर्षांहून अधिक काळ, एकही धर्मगुरु नसतांना, साध्या शेतकऱ्यांनीं व कोळ्यांनीं धर्म राखला. तो त्यांनीं कशांत राखला?

त्यांनीं तो कान्नोनच्या मूर्तींत राखला. कान्नोन ही जपानी बौद्धांची करुणेची देवता. तिचें मूळ आपल्या भारतांतील अवलोकितेश्वर बोधिसत्त्व होय. त्याच्या मूर्ति बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. चीन देशांत घडविलेल्या, पांढऱ्या चिनी मातीच्या, मांडीवर मूल घेतलेल्या कान्नोनच्या मूर्ति जपानांत येत. ख्रिस्ती घरांनीं त्या विकत घेऊन देव्हाऱ्यांत ठेविल्या, आणि त्यांत पवित्र मरिया व बाळ येशू पाहिलीं. मूर्तींत एक रेघही बदलावी लागली नाहीं. बदलली ती पाहणाऱ्याची दृष्टि. नागासाकीच्या अधिकाऱ्यांनीं जप्त केलेल्या अशा कित्येक मूर्ति आज टोकियोच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांत आहेत.

त्यांनीं तो आरशांत राखला. हा आरसा कांचेचा नव्हे, कांशाचा. पुढची बाजू घासून लखलखीत केलेली. तिच्यांत कोणीही तोंड पाहावें. परंतु सूर्याचा किरण तिच्यावर घेऊन भिंतीवर टाकला कीं उजेडांत क्रुसावरील प्रभूची आकृति उमटते. ह्यांत जादू नाहीं. मागील बाजूस आकृतीचा उठाव असतो, आणि पत्रा इतका पातळ घासलेला असतो कीं त्या उठावामुळें पुढील पृष्ठावर डोळ्यांस न दिसणारा सूक्ष्म चढउतार राहतो. प्रकाश मात्र तो ओळखतो. आकृति कोणास दिसूं नये म्हणून पाठीवर दुसरा साधा पत्रा बसवीत. अशा आरशाची एक नवी प्रतिकृति सन २०१४ मध्यें जपानचे तत्कालीन पंतप्रधान आबे ह्यांनीं पोप फ्रान्सिस ह्यांस भेट दिली. क्रूस अंधारांत दडलेला, आणि उजेडांत धरल्यावांचून न दिसणारा! धर्माचें ह्याहून चांगलें चित्र मला तरी माहीत नाहीं.

परंतु ह्या सर्वांहून मोठा चोरकप्पा त्यांच्या मुखांत होता. आपल्या प्रार्थनांना ते 'ओराशो' म्हणत; मूळ लॅटिन शब्दाचा तो जपानी उच्चार. ह्या प्रार्थना लॅटिन, पोर्तुगीज व जपानी शब्दांनीं मिश्रित होत्या, आणि बापानें मुलास, मुलानें नातवास तोंडीं शिकविल्या. कित्येक शब्दांचा अर्थ पुढें कळेनासा झाला, तरी शब्द सोडले नाहींत. गांवांत एक जण पंचांग सांभाळी व नाताळ आणि पास्काचा सण केव्हां येतो तें सांगे. दुसरा नवजात बालकांस स्नानसंस्कार देई. तिसरा घरोघर निरोप पोंचवी. प्रतिमेवर पाय देऊन घरीं आलेलीं माणसें पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. आणि सात पिढ्यांनंतर पाप ऐकून क्षमा देणारे गुरु पुनः येतील, असें एका रक्तसाक्ष्याचें भविष्य ते एकमेकांस सांगत राहिले.

मग काय झालें तें ऐका. परकीयांसाठीं म्हणून नागासाकीच्या ओउरा भागांत सन १८६५ मध्यें एक देऊळ उभें राहिलें. १७ मार्च रोजीं उराकामी गांवचीं पंधराएक माणसें तेथें आलीं. फ्रेंच धर्मगुरु पेटिटजान हे प्रार्थना करीत होते. एक स्त्री त्यांच्या जवळ गेली, आमचें व आपलें अंतःकरण एकच आहे अशा अर्थाचें कांहीं हळूच बोलली, आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे असें तिनें विचारलें. दोनशें वर्षांचा ठेवा त्या एका कुजबुजीनें उघडा झाला. आणि तें देऊळ कोणाच्या नांवें अर्पण केलेलें होतें? नागासाकीच्या सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे आपल्या गोन्सालोच्या व त्याच्या सोबत्यांच्या नांवें.

तरीही संकट संपलें नव्हतें. धर्म उघड होतांच उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांस घरेंदारें सोडवून दूरदूर हद्दपार करण्यांत आलें. त्यांतील सहाशेंहून अधिक परत आले नाहींत. सन १८७३ मध्यें बंदी उठली. सन २०१८ मध्यें युनेस्कोनें ह्या गुप्त ख्रिस्ती लोकांचीं नागासाकी भागांतील बारा स्थळें जागतिक वारशांत घेतलीं. कांहीं कुटुंबें मात्र बंदी उठल्यावरही पूर्वजांच्याच रीतीनें कोठीच्या खोलींतील देव्हाऱ्यापुढें ओराशो म्हणत राहिलीं. त्यांना दोष देण्याचें आपलें काम नव्हे. ज्या रीतीनें इतकीं वर्षें वांचविलें, ती सोडणें सोपें नसतें.

तिसरी हकीकत आपल्याच काळांतील आहे. व्हिएतनाम देशांत सन १९७५ मध्यें एका बिशपांस सायगावचे सहायक आर्चबिशप नेमलें. त्यांचें नांव फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हान थुअन. गोव्याच्या संताचेंच नांव. त्याच वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशीं, त्यांस अटक झाली. तेरा वर्षें ते बंदींत होते. त्यांपैकीं नऊ वर्षें एकांत कोठडींत. कपडे व पोटाच्या दुखण्यावरचें औषध पाठवा असें लिहिण्याची त्यांस परवानगी मिळाली. भाविकांनीं ओळखलें. त्यांनीं 'पोटाचें औषध' अशी चिठ्ठी लावलेल्या लहान बाटलींत द्राक्षारस पाठविला, आणि विजेच्या बत्तींत भाकरी लपवून पाठविली. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब व पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा करीत; तळहात हीच वेदी, तळहात हाच चषक. कैद्यांच्या छावणींत सिगारेटच्या पाकिटांतील कागदाच्या पुड्या करून त्यांत पवित्र प्रसाद ठेवीत, व तो हातोहात पोंचे.

एका पहारेकऱ्याच्या अनुमतीनें त्यांनीं लांकडाचा लहान क्रूस कोरला, आणि साबणाच्या वडींत लपवून ठेविला. दुसऱ्या तुरुंगांत पहारेकऱ्याच्याच मदतीनें विजेच्या तारेची सांखळी केली. सन १९८८ मध्यें सुटका झाल्यावर तोच क्रूस व तीच सांखळी ते बिशपाचें चिन्ह म्हणून गळ्यांत घालीत. सन २००१ मध्यें ते कार्डिनल झाले, आणि पुढच्याच वर्षीं प्रभूकडे गेले. येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. ज्याच्यापासून क्रूस लपवावयाचा, त्या पहारेकऱ्यानेंच तो लपविण्यास मदत केली. त्यांना ही मदत मिळाली, कारण पहारेकऱ्यांवर त्यांनीं प्रेम केलें होतें.

आतां एक शंका तुमच्या मनांत आली असेल, आणि ती रास्त आहे. दिवा लावून मापाखालीं ठेवूं नये असें प्रभूनें शिकविलें. मग धर्म लपविणें हें धर्म नाकारण्यासारखेंच नव्हे काय? कोंबडा आरवण्यापूर्वीं पेत्रानें जें केलें, तेंच हें नव्हे काय?

पवित्र शास्त्रांत लपविण्याच्या हकीकती पुष्कळ आहेत, आणि त्या एका रंगाच्या नाहींत. मोशेच्या आईनें लव्हाळ्याची साधी पेटी डांबरानें लिंपून तींत बाळ ठेविलें. राहाबेनें छपरावरील तागाच्या काड्यांखालीं दोन माणसें लपविलीं. ह्या दोघींची स्तुति झाली. परंतु आखानानें लुटींतील सोनें आपल्या डेऱ्याखालीं पुरलें, आणि एका चाकरानें धन्याचा पैसा जमिनींत गाडून ठेविला. ह्या दोघांस शिक्षा झाली. भेद कशांत आहे? मोशेच्या आईनें व राहाबेनें दुसऱ्याचा जीव वांचावा म्हणून लपविलें, आणि त्यांत स्वतःचा जीव पणास लाविला. आखानानें व चाकरानें स्वतःसाठीं किंवा स्वतःच्या भयास्तव लपविलें. ओवेननें पायरीखालीं धर्मगुरु लपविला, पण स्वतःस लपविलें नाहीं. वेळ आली तेव्हां तो बाहेर आला. म्हणून दिवा मापाखालीं ठेवणारा वेगळा, आणि वादळांत दिव्याभोंवतीं ओंजळ धरणारा वेगळा. एकास उजेड नको असतो. दुसऱ्यास तो विझूं द्यावयाचा नसतो.

आणि प्रभूनें सांगितलेला तो शेतांतील ठेवा आठवा. ज्याला तो सांपडला त्यानें पुनः झांकला, आनंदानें जाऊन आपलें सर्व कांहीं विकलें, आणि तें शेत घेतलें. झांकणें ही त्या गोष्टीची अखेर नव्हती. झांकल्यानंतर त्यानें किंमत मोजली.

बंधुभगिनींनो, आपणांस आज कांहीं लपवावें लागत नाहीं. रविवारीं घंटा वाजते, ती सर्वांस ऐकूं येते. आपल्या घरांच्या दर्शनी भिंतीवर क्रूस आहे, पडवींत पवित्र हृदयाची तसबीर आहे, अंगणांत मरियेची मूर्ति आहे. ह्याबद्दल देवाचे आभार मानावे तितके थोडे. परंतु जपानांतील त्या लोकांची वस्तु बाहेरून परकी होती, आणि आंत मरिया होती. आपल्या घरांत बाहेर मरिया आहे. आंत काय आहे, हें आपणांसच ठाऊक. सात पिढ्या धर्मगुरु आला नाहीं तर आपल्या घरांत काय उरेल? हा प्रश्न मी तुम्हांस घाबरविण्यासाठीं विचारीत नाहीं. उराकामीच्या शेतकऱ्यांस तो कोणीं विचारला नव्हता. तो त्यांच्यावर येऊन पडला, आणि त्यांनीं जगून उत्तर दिलें.

आपणांस धोका झडतीचा नाहीं. तो लायफर्डच्या छपराचा आहे. ठेवा डोक्यावर आहे, आणि सांगणारा राहिला नाहीं, असें होण्याचा. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुखांत आपल्या बोलींतल्या प्रार्थना आहेत, उपवासकाळचीं गीतें आहेत, सणांच्या रीति आहेत. त्या लिहिलेल्या नाहींत. तें मुख मिटलें कीं तो चोरकप्पा कायमचा बंद झाला. नातवंडें जवळ बसत नाहींत अशी तक्रार पुष्कळ आजीआजोबा करतात. पण आपण त्यांना बोलावून कांहीं सांगितलें काय, हेंही स्वतःस विचारावें.

म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षासाठीं मी प्रत्येक घराकडे तीनच गोष्टी मागतों. पहिली, घरांतील जुन्यांत जुनी पवित्र वस्तु, मग ती तुटकी जपमाळ असो कीं काळवंडलेला क्रूस असो, पेटींतून काढावी, आणि ती कोणाची, कोठून आली, कोणत्या संकटांत कोणीं हातीं धरली, हें मुलांस सांगावें. दुसरी, घरांतील सर्वांत वडील माणसाच्या तोंडची एक प्रार्थना मुलांपैकीं एकानें पाठ करावी. लिहून घेतली तर अधिक चांगलें, पण पाठ तर करावीच, कारण कागद जळतो. तिसरी, संकटसमयीं धर्मगुरु नसतांना स्नानसंस्कार कसा द्यावा हें घरांतील प्रत्येक मोठ्या माणसानें शिकून घ्यावें. अशा प्रसंगीं योग्य हेतूनें तो कोणीही देऊं शकतो, असें ख्रिस्तसभा शिकविते. उराकामीचीं बाळें ह्याच शिकवणीवर दोनशें वर्षें ख्रिस्ती झालीं.

ह्या तीन गोष्टींना पैसा लागत नाहीं, मंडप लागत नाहीं. त्यांची मिरवणूकही निघावयाची नाहीं. परंतु पुढच्या महोत्सवीं आपण नसूं तेव्हां ज्या मुखांतून प्रार्थना निघेल, तें मुख आज आपल्या अंगणांत खेळत आहे. संत गोन्सालोच्या मध्यस्थीनें परमेश्वर त्या मुखांत आपला ठेवा सुरक्षित ठेवो, आणि तो वेळीं त्यांच्या हवालीं करण्याची बुद्धि आपणां सर्वांस देवो.